सोयाबीन: फवारा पानावर, कीड खोडात

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाशीम जिल्ह्यात मध्यम ते भारी जमिनीवर ६ एकर सोयाबीन, पेरणी जूनच्या शेवटच्या आठवड्यातली, पीक आज २५ दिवसांचं. गेल्या वर्षी चार फवारण्या करूनही उतारा एकरी पाच क्विंटलच्या आतच राहिला. यंदा आत्ताच काही झाडांचे शेंडे सुकू लागलेत, पानांवर छिद्रं दिसतायत. कृषी केंद्रवाल्याने अळीनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक एकाच पंपात मारायला सांगितलंय. मारावं का, आणि पुढे किती फवारण्या धराव्या?

भाऊ, आज काही मारू नका. आधी एक ब्लेड घेऊन शेतात जा.

शेताच्या पाच वेगवेगळ्या जागी थांबा. बांधाकडेची चार-पाच तासं सोडून आत जायचं, कारण काठावरच्या झाडांवरून सगळ्या शेताचा अंदाज हमखास चुकतो. प्रत्येक जागी सलग दहा झाडं बघा. ज्याचा शेंडा किंवा एखादं पान मलूल वाटतं ते तर बघाच, पण शेजारचं हिरवंगार झाडही उपटा आणि खोड उभं चिरा. आत लालसर-तपकिरी, नागमोडी गेलेला बोगदा दिसला तर ती खोडमाशी. त्या बोगद्यात दोन-चार मिलिमीटरची, पाय नसलेली पिवळसर-पांढरी अळी असेल, नाहीतर तपकिरी कोष असेल. खोडावर किंवा पानाच्या देठावर एकमेकांपासून थोड्या अंतरावर दोन गोल खाचा असतील आणि त्यांच्यावरचा भाग सुकला असेल, तर तो चक्रीभुंगा. या दोन्ही किडींचा आकडा वेगवेगळा लिहून ठेवा. ५० पैकी ५ ते ७ झाडांत खोडमाशीचा बोगदा असेल, म्हणजे १० ते १५ टक्के, तर फवारणीचा खर्च परवडतो. त्याच्या आत असेल तर आठवडाभर थांबा आणि परत चिरा.

एवढं खोड-खोड करण्याचं कारण आहे. पानं खाणारी अळी डोळ्याला दिसते, पान चाळणी झालेलं दिसतं, शेजाऱ्यालाही दिसतं. त्यामुळे पैसा तिच्यावर जातो. खोडमाशीचं झाड मात्र बाहेरून चांगलं दिसतं. रोप अगदी लहान असताना, पहिल्या दोन आठवड्यांत लागण झाली तर ते मरतं आणि तूट पडलेली कळते. त्यानंतर लागण झाली की झाड मरत नाही. उभं राहतं, वाढतं, फुलतंही. फक्त खोडातला गाभा पोखरला गेल्याने शेंगा कमी धरतात आणि दाणा हलका भरतो. मग काढणीला लोक म्हणतात, ‘पीक तर एवढं जबरदस्त होतं, उतारा कुठं गेला?’ तुमच्या गेल्या वर्षीच्या चार फवारण्यांच्या तारखा तुम्ही लिहिलेल्या नाहीत. पण या भागात सर्रास दिसतं ते असं की पहिला फवारा ३५-४० दिवसांनी, छिद्रं वाढली की बसतो. तोपर्यंत खोडमाशीची एक पिढी पूर्ण होऊन दुसरी चालू झालेली असते.

खोडमाशीचं वेळापत्रक लक्षात ठेवा म्हणजे फवारणीचा दिवस तुमचा तुम्हालाच ठरवता येईल. माशी घरमाशीहून पुष्कळ लहान, चकचकीत काळी. पानावर अंडी घालते. अळी निघाली की पानाच्या शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते. आठ-दहा दिवस खोड खाऊन तिथेच कोष करते, आणि माशी बाहेर पडण्यासाठी खोडाला आधीच एक बारीक छिद्र करून ठेवते. अंड्यापासून माशीपर्यंत सगळं मिळून तीन-चार आठवड्यांत उरकतं. म्हणून हंगामात तिच्या अनेक पिढ्या होतात. औषध तिला गाठतं ते पानात आणि देठात असताना. एकदा खोडाच्या गाभ्यात गेली की वरून मारलेल्या बहुतेक औषधांचा तिला फारसा त्रास होत नाही.

चक्रीभुंग्याचं गणित याहून कडक आहे. भुंगा ओळखायला सोपा: पुढचा भाग तपकिरी-नारिंगी, पंखांचा मागचा अर्धा भाग काळा, आणि मिशा जवळजवळ अंगाइतक्या लांब. मादी देठावर, फांदीवर किंवा खोडावर वर-खाली दोन चक्र कापते आणि मधल्या भागात अंडं घालते. चक्रामुळे वर जाणारा अन्नरस तुटतो, म्हणून शेंडा सुकतो. अंडं साधारण आठवड्यात फुटतं. अळी पिवळसर, मऊ. खोड पोखरत खाली जाते आणि महिना-दीड महिना आतच राहते. पीक पक्व होताना ती खोड आतून कापते, आणि झाड जमिनीपासून वीतभर उंचीवर मोडून पडतं. काढणीला आडवी पडलेली झाडं बघितली असतील तर ती बऱ्याचदा वाऱ्याने नाही, हिने पाडलेली असतात.

आता यातला कामाचा मुद्दा. अंडं फुटायच्या आत सुकलेला शेंडा चक्राच्या खालून तोडला, तर कीड तिथेच संपली, औषधाचा थेंब न लागता. तुमच्याकडे आत्ता निंदण चालू असणार. निंदणाच्या बायांना एकेक पिशवी द्या आणि सुकलेली पानं, देठ, शेंडे चक्राच्या खालून खुडून त्यात टाकायला सांगा. खुडलेलं बांधावर टाकायचं नाही; जाळा किंवा खोल पुरा. आठवड्याने परत एक चक्कर. ६ एकराला हे जमतं. साठ एकरवाल्याला मी हे सांगत नाही. शेतात मोकळे भुंगे फिरताना दिसतायत आणि एक मीटर ओळीत तीनाहून जास्त आहेत, तर मात्र खुडण्यावर भागत नाही. फवारावं लागतं, आणि तेही अंडी फुटण्याच्या सुमारास. ४५ दिवसांनंतर शेंडे सुकलेले बघून चक्रीभुंग्यासाठी औषध मारणं म्हणजे दुकानदाराचा फायदा करणं.

औषध कोणतं? खोडमाशी आणि चक्रीभुंगा दोन्ही असतील आणि आकडा पातळीवर गेला असेल, तर २५ ते ३० दिवसांच्या पिकावर माझी पहिली निवड क्लोरँट्रॅनिलीप्रोल १८.५ एससी, एकरी ६० मिली (नावापुढचा आकडा म्हणजे औषधाचं टक्के प्रमाण, एससी-ईसीसारखी अक्षरं म्हणजे त्याचं रूप). पानं खाणारी उंटअळीही त्यातच येते, आणि ढालकिडे, कोळी, परोपजीवी माश्या यांना ते त्या मानाने सौम्य आहे. त्याच जातीचं टेट्रानिलीप्रोल १८.१८ एससी, एकरी १०० ते १२० मिली, हेही चालतं. हात आखडता असेल तर थायामिथोक्झाम १२.६ अधिक लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ९.५ झेडसी, एकरी ५० मिली. हे स्वस्त पडतं आणि तिन्ही किडींवर शिफारशीत आहे, पण मित्रकीटकही झोपवतं, म्हणून हंगामात एकदाच. नुसता चक्रीभुंगाच जास्त असेल तर थायाक्लोप्रिड २१.७ एससी, एकरी ३०० मिली. यांपैकी एकच. दोन कीटकनाशकं एका पंपात मिसळू नका. जोडऔषधात कंपनीने मिसळून दिलेलं असतं तेवढं पुरे.

कंपनी बदलली म्हणजे औषध बदललं असं समजू नका. क्लोरँट्रॅनिलीप्रोल, टेट्रानिलीप्रोल, फ्लुबेंडामाइड ही तिन्ही एकाच गटातली. एकानंतर दुसरं मारलं तर किडीच्या दृष्टीने तुम्ही तेच दोनदा मारलं. पहिला फवारा या गटातला झाला असेल तर पुढचा इंडोक्झाकार्बसारख्या वेगळ्या गटातला घ्यायचा. बाटलीवर मोठ्या अक्षरातलं नाव बाजूला ठेवा, बारीक अक्षरातलं तांत्रिक नाव वाचा आणि ते वहीत टिपून ठेवा. लेबलवर सोयाबीन आणि तुमची कीड छापलेली आहे का तेही बघा. एक उदाहरण देतो. इमामेक्टिन बेंझोएट सोयाबीनसाठी १.९ ईसी या रूपात शिफारशीत आहे, एकरी १७० मिली. पण कपाशीवरचं ५ एसजी दाणेदार हाताशी असतं म्हणून लोक तेच सोयाबीनवर मारतात.

आणखी एक गोष्ट, कारण जुनी घडीपत्रकं अजून मोबाइलवर फिरतात. चक्रीभुंग्यासाठी त्यांत ट्रायझोफॉस लिहिलेलं असतं, हुमणीसाठी फोरेट. या दोन्हींवर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. घराच्या कोपऱ्यात जुनी बाटली निघालीच तर वापरू नका आणि नाल्यात ओतूही नका. मुलांचा हात पोहोचणार नाही अशी कुलपात ठेवा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा.

आता केंद्रवाल्याचं मिश्रण. टॉनिक आत्ता नको, पीक स्वतःच जोमात वाढायच्या वयात आहे. बुरशीनाशकाला माझा जास्त विरोध आहे, आणि त्याचं कारण सहसा कोणी सांगत नाही. ऑगस्टमध्ये झड लागली की सोयाबीनमध्ये एक मित्रबुरशी आपोआप वाढते, नोमुरिया रिलेई. तिची लागण झालेली अळी पानाला चिकटून मरते, आधी खडूसारखी पांढरी होते, मग तिच्यावर फिकट हिरवी भुकटी येते. ज्या वर्षी पाऊस लागून राहतो त्या वर्षी ही बुरशी तुमचा एखादा फवारा वाचवते, तोही फुकट. तुम्ही रोग नसताना बुरशीनाशक मारलं की आधी हिचं नुकसान होतं. शेतात पांढऱ्या, ताठ झालेल्या अळ्या दिसू लागल्या की मी शेतकऱ्याला सरळ सांगतो, चार दिवस थांब, पंप खाली ठेव. रोगासाठी बुरशीनाशक लागणारच असेल तर ते शेंगा धरताना, करपा किंवा शेंगेवरचे डाग यांचा खरोखर धोका दिसल्यावर.

पानावरच्या छिद्रांकडे येतो. २५ दिवसांच्या सोयाबीनला छिद्रांची भीती बाळगायचं कारण नाही. फुलोऱ्याआधी पानांचा पाव हिस्सा गेला तरी हे पीक नवीन पानं काढून तो भरून काढतं. फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत मात्र तेवढी मोकळीक नसते, आणि उंटअळी त्या काळात पानं सोडून कळ्या-फुलंही खाते. मग झाड हिरवं राहतं आणि शेंगाच धरत नाहीत. लोक त्याला बियाण्याचा दोष समजतात.

मोजायची पद्धत सोपी. दोन ओळींच्या मध्ये एक मीटर लांबीचं पांढरं कापड किंवा खताची धुतलेली गोणी अंथरा, एका बाजूची एक मीटर ओळ तिच्यावर वाकवून हलकेच झटका, आणि पडलेल्या अळ्या मोजा. दहा ठिकाणी करून सरासरी काढा. फुलं यायच्या आधी मीटरमागे ४ अळ्या, फुलोऱ्यात २ ते ३, ही फवारणीची पातळी. सकाळी लवकर करा. उन्हं चढली की तंबाखूची अळी खाली पाल्यात आणि भेगांत लपते आणि तुमचा आकडा कमी येतो. फवाराही म्हणूनच संध्याकाळी, ती वर चढायच्या वेळी द्यायचा.

तंबाखूवरील पानं खाणारी अळी, जिला लोक नुसतं स्पोडोप्टेरा किंवा लष्करी म्हणतात, तिच्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातलं सोयाबीन हिने जे खाल्लं ते त्या पिढीचे शेतकरी अजून विसरलेले नाहीत. अळी मोठी होऊन शेत उजाड दिसू लागल्यावरच बहुतेकांच्या लक्षात आलं आणि मग हाताला येईल ते औषध मारलं गेलं. त्याच अनुभवातून राज्यात २००९-१० पासून क्रॉपसॅप सुरू झालं, म्हणजे कीड सर्वेक्षण आणि सल्ल्याचा प्रकल्प, ज्यात गावोगावी ठरलेल्या शेतांत दर आठवड्याला कीड मोजली जाते. तुमच्या तालुक्याचा त्यातला आकडा कृषी सहायकाकडे मिळतो. मागायला लाजू नका.

या अळीला गाठायची वेळ ती पुंजक्यात असतानाची. मादी पानाखाली दोन-तीनशे अंडी एका जागी घालते आणि वर तपकिरी केसांचं पांघरूण घालते. निघालेल्या अळ्या पहिले काही दिवस त्याच पानावर एकत्र राहून हिरवा भाग खरवडतात. पान कागदासारखं जाळीदार, पांढुरकं होतं. शेतात असं एखादं पान लांबूनही उठून दिसतं. ते तोडून तुडवलं की दोन-तीनशे अळ्या एका पावलात गेल्या. आठ दिवस उशीर झाला की त्याच अळ्या शेतभर पांगतात, आणि बोटाएवढी झालेली अळी नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही. बांधाने एरंडीची एक ओळ असेल तर मादी अंडी घालायला आधी तिच्याकडे जाते. एरंडीच्या मोठ्या पानावरचे पुंजके सोयाबीनच्या गर्दीतल्यापेक्षा सहज सापडतात. पण लावून विसरलात तर ती एरंडी अळ्यांचा कारखाना होते.

कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे, हेक्टरी पाच लावा, म्हणजे तुमच्या शेतात एकूण बारा. हे पतंग मारायला नाहीत, कधी आले ते कळायला आहेत. पतंगांची संख्या अचानक वाढली की पुढच्या आठवड्यात अंडीपुंज शोधायला लागा. एकरी वीसेक पक्षीथांबे रोवा, तुराट्या चालतात, फक्त पिकापेक्षा हातभर उंच हव्यात. साळुंक्या आणि कोतवाल त्यावर बसून बरंच काम करतात. शेंगा भरून दाणे पक्व व्हायला लागले की थांबे काढून टाका.

पाच टक्के निंबोळी अर्कावर माझा विश्वास आहे, पण ठरावीक कामासाठीच. पाच किलो निंबोळी भरडून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून १०० लिटर पाणी करायचं, आणि त्याच दिवशी मारायचं. ती अंडी घालणं कमी करते आणि लहान अळ्यांचं खाणं तोडते. पतंग दिसू लागल्यावर, म्हणजे अळीआधी मारली तर उपयोग होतो. मोठ्या अळीवर निंबोळी मारून ‘जैविकाने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तयार एसएलएनपीव्ही, म्हणजे याच अळीला रोग लावणारा विषाणू, मिळाला तर तोही लहान अळीवर, संध्याकाळी.

अळी पातळीच्या वर गेलीच तर फुलोऱ्यात इंडोक्झाकार्ब १५.८ ईसी एकरी साधारण १३५ मिली किंवा वर सांगितलेलं इमामेक्टिन १.९ ईसी. प्रोफेनोफॉस ५० ईसी एकरी ४०० मिली हे जुनं, दणकट आणि स्वस्त औषध आहे; काम करतं, पण वासही तसाच आणि विषही तसंच. फुलोऱ्यात मधमाश्या असतात, म्हणून त्या काळात मी ते टाळायला सांगतो.

आता फवारणीतली सगळ्यात महाग चूक, आणि ती औषधाची नाही, पंपाची आहे. दुकानात मात्रा सांगतात ‘पंपाला इतकी’. लेबलवर असते एकराला. क्लोरँट्रॅनिलीप्रोल १० लिटर पाण्याला ३ मिली, याचा अर्थ एकरी २०० लिटर पाणी धरलेलं आहे, तेव्हा ६० मिली होतं. तुमचा १५ लिटरचा पंप. त्या हिशेबाने एकराला तेरा पंप लागायला हवेत. तुम्ही प्रत्यक्षात मारता सात. पंपाला साडेचार मिली टाकलं तर एकरात एकतीस-बत्तीस मिली गेलं, म्हणजे निम्मी मात्रा. अळी मरत नाही, उलट त्या औषधाला सरावते, आणि आठ दिवसांनी दुसरा फवारा. मला वाटतं चार फवारण्यांमधल्या दोन तरी इथेच जिरतात. म्हणून आधी साध्या पाण्याने एक पंप मारून किती तासं झाली ते बघा, एकराला किती पंप लागतात ते काढा, आणि एकरी मात्रेला त्या संख्येने भागा. सात पंप लागत असतील तर पंपाला साधारण साडेआठ मिली. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी कमी लागतं, मात्रा मात्र एकराची तीच.

नोझल हॉलो कोन, म्हणजे पोकळ शंकूसारखा फवारा देणारं हवं. तणनाशकाचं पंख्याच्या आकाराचं नोझल तसंच ठेवून कीटकनाशक मारलेलं मी दर हंगामात बघतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. नीट न धुतलेल्या पंपाने पीक करपलं की तो ‘रोग’ समजून पुन्हा औषध आणलं जातं. फवारल्यावर चार-पाच तास पाऊस नको. आभाळ भरलेलं असेल तर थांबा, स्टिकरच्या भरवशावर पैसे पाण्यात घालू नका.

आणि हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा, उपाशी पोटी फवारणी नाही, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती जीव गेले ते तुम्हाला वाशिमात बसून सांगायची गरज नाही. ती कपाशी होती, डोक्याएवढी वाढलेली. सोयाबीन कमरेएवढं असतं म्हणून लोक बिनधास्त चड्डी-बनियनवर मारतात. औषध ओल्या मांड्यांतूनही अंगात जातं.

पिवळेपणाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पंधरा दिवसांत विचाराल. भारी, चुनखडीच्या जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये पाणी साचलं की नवीन पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात, आणि पट्टेच्या पट्टे तसे दिसतात. ती लोहाची कमतरता. पाण्याचा निचरा करा आणि फेरस सल्फेटची फवारणी द्या, कीटकनाशक नाही. एखाद-दुसऱ्या झाडाच्या पानावर हळदीसारखे ठळक पिवळे ठिपके-डाग विखुरलेले दिसले तर तो पिवळा मोझॅक. तो विषाणू पांढरी माशी पसरवते. २०२३ मध्ये राज्यात याने मोठा फटका दिला. अशी झाडं दिसतील त्या दिवशी उपटून पुरा; पंधरा झाडं असताना हे काम अर्ध्या तासाचं आहे, पंधराशे झाल्यावर उपटण्यात अर्थ नाही. पिवळे चिकट सापळे लावा. माशी जास्त असेल तर असिटामिप्रीड २५ अधिक बायफेनथ्रीन २५ डब्ल्यूजी एकरी १०० ग्रॅम. युरिया मात्र या काळात वरून टाकू नका. सोयाबीनला नत्र मुळांच्या गाठींतून मिळतं, आणि जास्तीच्या नत्राने लुसलुशीत झालेलं शेत माशीला आणि अळीला दोघांनाही आवडतं.

वाणी, म्हणजे पैसा किडा, आणि गोगलगाय यांचा काळ तुमच्यासाठी जवळजवळ गेला. त्या रोपं उगवतानाच कुरतडतात. २०२२ मध्ये लातूर-बीडकडे गोगलगायींनी दुबार पेरणी करायला लावली. तुमच्याकडे दिसल्या तर संध्याकाळी ओल्या गोणपाटांचे ढीग बांधाने ठेवा, सकाळी खाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका.

तुम्ही किती फवारण्या धराव्या विचारलंत. माझा अंदाज दोन, त्यातली दुसरी कदाचित लागणारही नाही. पहिली आत्तापासून आठवडाभरात, खोड चिरून आलेल्या आकड्यावर. दुसरी फुलोऱ्यात, कापडावर पडलेल्या अळ्यांवर. तिसरी लागली तर ती तंबाखूच्या अळीसाठी, शेंगा भरताना, आणि तेव्हा सगळ्या सहा एकरांत मारायच्या आधी कोणत्या तुकड्यात अळी आहे ते बघा. ती बहुधा एका बाजूने चढते.

पुढच्या वर्षाचं काम मात्र फवारणीत नाही, पेरणीत आहे. बियाण्याला थायामिथोक्झाम ३० एफएस, किलोला १० मिली चोळलं असतं तर पहिले तीन-चार आठवडे खोडमाशीपासून पीक राखलं गेलं असतं, आणि तुम्ही हा प्रश्नच निम्मा विचारला असता. क्रम असा: आधी बुरशीनाशक, ते वाळल्यावर हे कीटकनाशक, आणि पेरणीच्या अगदी आधी सावलीत रायझोबियम, म्हणजे मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू. उलट केलंत तर जिवाणू मरतात. आयतं रंगवलेलं बियाणं घेणार असाल तर पिशवीवर कशाची प्रक्रिया आहे ते वाचा. पुष्कळदा ती फक्त बुरशीनाशकाची असते.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि एकरी तीस किलोच्या वर बी टाकू नका. दाट पेरून नंतर विरळ होईल या आशेवर टाकलेलं शेत ऑगस्टमध्ये इतकं झाकतं की फवारा वरच्या पानावरच राहतो आणि अळ्या खालच्या सावलीत निवांत असतात. ४५ सेंटिमीटरची ओळ ठेवा. पट्टापेर करून दर सहा ओळींमागे सातवी मोकळी सोडा. त्या वाटेने तुम्ही पीक न तुडवता आत जाऊन बघाल. तूर घालायची असेल तर तीही त्या हिशेबात बसवा.

चक्रीभुंग्याची अळी पुढचा पावसाळा येईपर्यंत सोयाबीनच्या कापलेल्या खोडात आणि धसकटात झोपून राहते. म्हणून काढणी पीक पक्व होताच करा, मोडून पडलेली झाडं हाताने वेचून घ्या, धसकटं वेचून जाळा किंवा उन्हाळी खोल नांगरटीत उलथून तापवा. शेजारच्या शेतात धसकटं तशीच राहिली तर भुंगा तिथून उडून येणारच, तेव्हा निदान बांधाला बांध लागलेल्या तिघा-चौघांनी हे एकाच आठवड्यात उरकायला हवं.